वेटिंगचा गुरुवार

सकाळी साडेसात

गुरुवारी दुकान अर्धा तास आधी उघडावं लागतं. पुण्यात सुट्टी रविवारी, आमच्या पट्ट्यात गुरुवारी. विजेचा भार एकाच वारी हलका आणि बाकी दिवस जड नको म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वाटल्या गेल्या, तेव्हा एमआयडीसीच्या वाट्याला गुरुवार आला. सरकारी कचेऱ्या चालू असताना आपल्याला सुट्टी असणं ही इथल्या कामगाराची एक चैनच म्हणायची. मात्र ती चैन तो माझ्या काउंटरसमोर रांगेत उभा राहून घालवतो. रेशनकार्डात नाव चढवायचंय, आधारवरचा पत्ता बदलायचाय, उत्पन्नाचा दाखला काढायचाय, आठवडाभर तुंबलेलं सगळं आजच.

माझं सेवा केंद्र मोशीत, नाशिक रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. थोडं पुढे गेलं की इंद्रायणीचा पूल. पुलाच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका. पलीकडे चिंबळी, कुरुळी, मग चाकण, म्हणजे खेड तालुका आणि पुणे जिल्हा परिषद. कागदोपत्री ही दोन राज्यं आहेत. माणसं मात्र पुलाचा हिशेब ठेवत नाहीत. नोकरी महाळुंग्याला, खोली मोशीत, मेहुणा चिखलीत, गाव औसा नाहीतर अंबाजोगाई.

२०२५ च्या मार्चमधला हा गुरुवार. शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या मोफत जागांच्या प्रतीक्षा यादीतल्या मुलांना मेसेज यायला लागले होते. शटर वर करायच्या आतच चौघं उभे, हातात मोबाइल, आणि चौघांचा प्रश्न एकच: "ताई, वेटिंग सरकलं का?"

सकाळी आठ

पहिला माणूस तिसऱ्या पाळीवरून थेट आलेला. अंगात कंपनीचा शर्ट, डोळे तांबारलेले. मुलाचा अर्ज त्याने जानेवारीत माझ्याकडूनच भरून नेला होता. दहा शाळा निवडता येतात, त्याने सहा टाकल्या. सोडतीत नाव आलं नाही, पण एका शाळेच्या प्रतीक्षा यादीत चौथा क्रमांक लागला.

त्याचं गणित सोपं होतं. चार म्हणजे चौथा. पहिल्या टप्प्यात मेसेज यायलाच हवा होता, आला नाही, म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी काहीतरी केलं. लातूर एक्स्प्रेसचं तिकीट काढणारी माणसं ही. वेटिंग चार म्हणजे चार्ट लागेपर्यंत कन्फर्म, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आरटीईचं वेटिंग तसं चालत नाही, हे पटवणं हे माझं मार्चमधलं मुख्य काम.

मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवते. समजा शाळेत आरटीईच्या वीस जागा आहेत. सोडतीत वीस मुलं निवडली गेली. त्या वीसही जणांनी कागद दाखवून प्रवेश घेतला तर तुझा चौथा क्रमांक जूनपर्यंत चौथाच. दोघांनी घेतला नाही तर पहिला आणि दुसरा आत जाणार. चौथ्याला जागा हवी तर निवडलेल्यांपैकी चार जणांचं काहीतरी बिघडावं लागतं: कुणाचा भाडेकरार चुकावा, कुणी गावी निघून जावं, कुणाला ती शाळा लांब वाटावी.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याचं वाटोळं झाल्याशिवाय आपलं होत नाही." मी त्यावर काही बोलले नाही. त्याचं म्हणणं खोडून काढावं असं त्यात काहीच नव्हतं.

पोर्टलवर 'अॅप्लिकेशन वाइज डिटेल्स' म्हणून एक जागा आहे. अर्ज क्रमांक टाकला की स्थिती दिसते. मेसेजवर विसंबून राहू नका, हे शिक्षण खातं दरवर्षी सांगतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी नंबर बदललेलं सिम खिशात ठेवून मुदत घालवून बसतं. मी त्याला ती जागा उघडायला शिकवली. मोबाइलवर स्वतः पाहता आलं की माझ्याकडे येणं कमी होतं. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं नाही, पण प्रिंटच्या दहा रुपयांसाठी तिसऱ्या पाळीच्या माणसाला जागं ठेवणं बरं दिसत नाही.

सकाळी दहा

आता ज्यांना मेसेज आला ते यायला लागले. यांच्या चेहऱ्यावर आनंद असतो आणि तो पडताळणी समितीसमोर जाईपर्यंतच टिकेल की काय, ही मला धास्ती.

निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. पोर्टलवरून अलॉटमेंट लेटर काढायचं, हमीपत्र काढायचं, मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन पडताळणी समितीकडे जायचं. समितीने कागद मान्य केले की मग शाळा. महापालिका हद्दीत त्यासाठी पिंपरी आणि आकुर्डी असे दोन भाग आहेत. पुलापलीकडच्यांचा कारभार खेडच्या पंचायत समितीकडे.

एक जोडपं आलं. मुलगी बाईच्या कडेवर, सहा वर्षांची असून कडेवर, कारण ती झोपली होती. निवड झालेली शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत. त्या वर्षीच्या सोडतीत एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी होती, मग एक ते तीनवाल्यांना, त्यापुढे उरलेल्यांना. त्यामुळे ही पोरगी नशीबवानच. मी भाडेकरार मागितला. नवऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. त्यावर नोटरीचा लाल शिक्का.

"नोंदणी केलेला नाहीये का?"

"मालक म्हणले, नोटरी चालते."

गॅसच्या कनेक्शनला चालत असेल, आरटीईला चालत नाही. भाड्याने राहणाऱ्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार लागतो, आणि तो अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा. आज पळापळ करून नोंदवला तरी तारीख आजचीच पडणार. रेशनकार्ड, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, मतदार ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यांतलं काहीही त्याच पत्त्याचं असेल तर कराराची गरज नाही. पण वीजबिल मालकाच्या नावाचं, रेशनकार्ड निलंग्याचं, आधारवर अजून जुन्या खोलीचा पत्ता.

इथे मला कायम एक गोष्ट खटकते. मालक करार नोंदवत का नाही? नोंदवला की खोली भाड्याने दिल्याचं कागदावर येतं. एकेका गुंठ्यावर चार मजले चढवून बारा खोल्या काढलेल्या माणसाला ते नको असतं. आणि करार असला तरी अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की भाडं वाढवायचं नाहीतर खोली सोडायची. भोसरी, मोशी, चिखली, मेदनकरवाडी, खराबवाडी, सगळीकडे हेच. कायद्याने पहिली ते आठवी असं आठ वर्षांचं शिक्षण मुलाच्या पदरात टाकलं, पण ते मोजायला सुरुवात केली घराच्या दारापासून. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांचं दार दरवर्षी बदलतं.

बाईने विचारलं, "मग आता?"

तिच्या बँकेचं पासबुक पाहिलं. खातं राष्ट्रीयीकृत बँकेचं, पत्ता मोशीचा, गल्लीसकट, आणि खातं गेल्या दिवाळीत उघडलेलं. मी मोठ्याने हसलेच. दोन झेरॉक्स काढल्या, मूळ पासबुक वर ठेवायला सांगितलं, करार पिशवीत तळाला. आकुर्डीला पळा म्हटलं. अकरा वाजता तिथे लांबलचक रांग असते.

पावणेअकरा

लाइट गेली. गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात. कारखाने बंद म्हणून वेळ सोयीची. इन्व्हर्टरवर एक संगणक चालतो, प्रिंटर नाही. लाइट येईपर्यंत नुसत्या गप्पा.

अंधारात माणसं जास्त खरं बोलतात. एकाने सांगितलं, एक जण वीस हजारांत वेटिंग वर आणून देतो म्हणाला. दुसऱ्याने तीच गोष्ट पंधरा हजारांत ऐकलेली. मी दरवर्षी हे ऐकते आणि दरवर्षी तेच सांगते: सोडत राज्यभरासाठी एकदाच, पुण्यात, संगणकावर निघते. यंदा ती १० फेब्रुवारीला निघाली. सुमारे एक लाख नऊ हजार जागा आणि तीन लाखांच्या वर अर्ज, त्यात सगळ्यांत जास्त अर्ज पुणे जिल्ह्याचे. त्या यादीत मोशीतला कोणी दलाल नाव वर-खाली करू शकत नाही. तो काय करतो, तर दहा जणांकडून पैसे घेतो. दहांतल्या दोघांचं वेटिंग आपोआप सरकतं, त्यांचे पैसे ठेवतो, आठांना 'जमलं नाही' म्हणून परत देतो. निम्मे देतो. धंद्याची अक्कल म्हणून मला त्याचं कौतुकच वाटतं.

मग कुणीतरी मागच्या वर्षाचा विषय काढला. २०२४ मध्ये ९ फेब्रुवारीला सरकारने अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईच्या जागा द्याव्या लागणार नाहीत. त्या वसंतात अर्ज भरताना पर्यायांत खासगी शाळा जवळपास दिसेचनात. लोक स्क्रीनवर बोट ठेवून मला विचारत, "ताई, ही तर आपल्या गल्लीतलीच महापालिकेची शाळा. हिच्यासाठी लॉटरी कशाला?" मुंबई उच्च न्यायालयाने ६ मेला त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. अर्ज पुन्हा नव्याने. ७ जूनला सोडत काढली, पण यादी लोकांपुढे आली नाही, कारण निकाल बाकी. १९ जुलैला न्यायालयाने अधिसूचना रद्द केली, तेव्हा कुठे यादी बाहेर पडली. शाळा जूनमध्ये सुरू झालेल्या. वेटिंगवाल्यांची पोरं तोवर कुठल्या ना कुठल्या वर्गात अर्धं पुस्तक शिकून झालेली. त्या अनुभवामुळे यंदा लोक मार्चमध्येच घायकुतीला आले आहेत. मला त्यांचा दोष वाटत नाही.

सरकारची बाजू मांडणारे म्हणायचे, जवळ सरकारी शाळा असताना सरकारने खासगी शाळेला पैसे का द्यावेत? हिशेबाच्या दृष्टीने प्रश्न चुकीचा नाही. पण २००९ च्या कायद्याचं कलम बारा पैशांच्या हिशेबासाठी लिहिलेलं नव्हतं. कंपनीतल्या साहेबाची मुलगी आणि हेल्परचा मुलगा एका बाकावर बसावेत, हा त्यातला भाग. तो बाक सरकारी शाळेत तयार होत नाही, कारण साहेबाची मुलगी तिथे येतच नाही.

दुपारी साडेबारा

लाइट आली आणि तिच्याबरोबर एक आजोबा, सून आणि नातू. आजोबांच्या हातात फाइल. फाइल पाहूनच कळतं की माणूस कधीतरी कोर्टाची पायरी चढलेला आहे.

हे कुटुंब कुदळवाडीत राहत होतं. तिथली भंगाराची गोदामं आणि पत्र्याची शेडं २०२५ च्या फेब्रुवारीत जमीनदोस्त झाली, महापालिकेची मोठी अतिक्रमण कारवाई झाली ती. यांची खोली अशाच एका शेडच्या मागच्या बाजूला. अर्ज जानेवारीत भरला तेव्हा खोली होती, वीजबिल होतं, अर्जातल्या नकाशावर घराचा लाल फुगा बरोबर जागी ठेवलेला होता. आता प्रतीक्षा यादीतून निवड झाली आणि पत्त्यावर राडारोडा. सध्या मुक्काम बहिणीकडे, जाधववाडीत.

समितीने त्यांना परत पाठवलं नव्हतं. नवीन पत्त्याचं काय करायचं ते विचारून या, असं तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगणं हा आमच्याकडचा सगळ्यांत अवघड निकाल. नाकारलं म्हणून वर दाद मागावी, तर नाकारल्याचा कागद नाही. मान्य म्हणून शाळेत जावं, तर मान्यतेचा शिक्का नाही. मधल्या मध्ये मुदतीचे दिवस सरतात.

मी जेवण बाजूला ठेवलं आणि अर्ज टाइप करायला घेतला. असे अर्ज लिहून लिहून माझी एक पद्धत झाली आहे, ती इथे सांगते, कारण कामाची आहे.

पहिल्या परिच्छेदात रडगाणं लिहायचं नाही. बालकाचं नाव, अर्ज क्रमांक, निवड झालेली शाळा, निवडीचा टप्पा, एवढंच. दुसऱ्या परिच्छेदात तारखा: अर्ज भरला त्या दिवशी कुटुंब कुठे राहत होतं आणि त्याचा पुरावा कुठला. अर्जाच्या वेळचा पत्ता खरा होता, हे यात सगळ्यांत महत्त्वाचं. खोटा पत्ता दिल्याचं आढळलं तर प्रवेश नंतरही रद्द होतो, त्यामुळे समितीची धास्ती तीच असते. तिसऱ्यात आता काय झालं आणि नवीन मुक्काम शाळेपासून किती अंतरावर. चौथ्यात मागणी, एकच: 'पडताळणी करून लेखी निर्णय द्यावा.' प्रवेश द्यावा असं मी लिहीत नाही. लेखी निर्णय मागितला की टोलवणाऱ्यालाही पेन उचलावं लागतं.

वर कुणाकडे, हे आजोबांनी विचारलं. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. इथे म्हणजे महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे; पुलापलीकडे असते तर जिल्हा परिषदेकडे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यायचा. तो पटला नाही तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. आजोबांनी मनात हिशेब केला. "मार्च, एप्रिल, मे. तीन महिन्यांत शाळा सुरू होईल की."

होईल. म्हणून मी सांगते की कलम ३२ ही खिशात ठेवायची गोष्ट, रोज वापरायची नाही. रोजची गोष्ट म्हणजे आवक खिडकी. दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. शिक्का दिला नाही तर तिथून हलायचं नाही. ही पोच ज्याच्याकडे आहे त्याला पुढचा टेबलवाला 'उद्या या' म्हणताना एकदा विचार करतो.

आजोबा फाइल बगलेत मारून निघाले. सून मात्र थांबली. हळूच विचारलं, "नकाशात घर दाखवलंच पाहिजे का? जाधववाडीचं दाखवलं तर?" अर्ज आता बदलता येत नाही, हे मी सांगितलं. आणि जाधववाडीचं घर तरी किती दिवस राहील, हे तिने सांगितलं.

दुपारी दोन

डबा. भेंडी थंड झालेली.

साडेतीन

जेवणानंतर पुढच्या वर्षीच्या चौकशीला येणारे. हे शहाणे लोक. वर्षभर आधी कागद जमवायला लागतात. एक तरुण जोडपं बिहारमधलं, नवरा निघोज्याच्या कंपनीत वेल्डर. जात प्रमाणपत्र त्यांच्याकडे आहे, पण बिहारचं. परराज्यातलं जात प्रमाणपत्र आरटीईला ग्राह्य धरत नाहीत. मग उरतो दुर्बल घटकाचा मार्ग: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वर्षाला एक लाखाच्या आत.

एक लाखाला बारांनी भागा. महिन्याला ८,३३३ रुपये. चाकणच्या गेटवर कंत्राटदाराकडे सकाळी उभा राहणारा कुठलाही हेल्पर यापेक्षा जास्त मिळवतो. मिळवत नसेल तर त्याचा कंत्राटदार किमान वेतन कायदा मोडतोय. म्हणजे या पट्ट्यात रीतसर पगार घेणारा माणूस दुर्बल ठरत नाही, आणि जो दुर्बल ठरतो त्याच्या दाखल्यात बहुधा काहीतरी गाळलेलं असतं. वेल्डरने पगाराची स्लिप पुढे केली. मी ती उलटी करून ठेवली आणि त्याला महापालिकेच्या शाळेची माहिती दिली. तो नाराज झाला. व्हावं तसंच होतं.

खोटा दाखला कसा काढतात हे मला माहीत आहे. या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी काढून देत नाही, याचं कारण नीतिमत्ता कमी आणि भीती जास्त. पण एकदा तरी मंत्रालयातल्या कुणीतरी या एक लाखाच्या आकड्याकडे मोशीच्या खोलीभाड्याचा कागद शेजारी ठेवून पाहावं, असं वाटतं.

संध्याकाळी पाच

दोन बायका एकत्र. दोघींच्या मुलांना मागच्या वर्षी आरटीईतून प्रवेश मिळालेला. शाळेने यंदा पुस्तकं, गणवेश आणि 'उपक्रम' यांचे पैसे मागितले. शाळेचं म्हणणं, सरकारकडून परतावा थकला आहे, आम्ही कुठून भागवू. यात शाळा अगदी खोटं बोलत नाहीत. सरकार दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं असं ठरलं आहे आणि ते वेळेवर येत नाहीत, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार. पण भांडण शाळा आणि सरकारचं असताना वसुली आईकडून का? मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: पैशांची मागणी चिठ्ठीवर लिहून मागा, आणि मूल वर्गात बसू दिलं नाही तर त्याच दिवशी तारखेसह अर्ज द्या. त्यातली एक म्हणाली, "चिठ्ठी मागितली तर बाई पोरीवर राग काढंल." हे आईचं गणित, माझ्या कुठल्याही अर्जात याचं उत्तर बसत नाही.

सात

पहिल्या पाळीचे ओव्हरटाइमवाले, सुट्टीच्या दिवशीही कामावर गेलेले. झटपट प्रश्न. कॉन्व्हेंट यादीत का नाही? कारण ती अल्पसंख्याक संस्थेची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. निवड झाली पण शाळा आवडली नाही, पुढच्या टप्प्यात दुसरी मिळेल का? नाही, एकदा निवड होऊन प्रवेश घेतला नाही की त्या वर्षी नाव बाहेर. एका मुलाचे दोन अर्ज भरले तर? दोन्ही बाद. आठवीनंतर? पूर्ण फी. या शेवटच्या उत्तरावर नेहमी शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतं, "आठ वर्षं तर निघतील."

सर्व्हर मंद. एका बाबाने अर्ज क्रमांकाऐवजी आधार क्रमांक तीन वेळा टाकला आणि पोर्टलला शिव्या घातल्या.

रात्री पावणेनऊ

शटर ओढणार, तेवढ्यात एक बाई आल्या. मोशीतल्याच, शिवणकाम करतात. मुलगा वेटिंगला, अकरावा. जवळच्या एका खासगी शाळेने साध्या प्रवेशासाठी जागा धरून ठेवायला पाच हजार मागितलेत, शनिवारपर्यंत. नंतर परत मिळणार नाहीत. शनिवारच्या आत वेटिंग सरकेल का?

खरं उत्तर द्यायचं तर, माहीत नाही. पण मी आकडे काढले. शाळेच्या आरटीईच्या जागा, त्यांतले किती प्रवेश पक्के झाले, किती बाकी दाखवतंय. पहिल्या टप्प्यात यादी सहा क्रमांकांपर्यंत आलेली. बाकी दोनच. अकरापर्यंत यायला अजून पाच जणांनी हात टेकायला हवेत.

"पाच हजार भरू नका," मी म्हटलं. "पाडव्याला महापालिकेच्या शाळेचे गुरुजी पट वाढवायला दारावर येतील, त्यांच्याकडे पहिलीत नाव घाला. पैसे लागत नाहीत. वेटिंग आलंच तर तिथून काढून इकडे आणता येईल."

त्यांनी मान हलवली, पण निघाल्या नाहीत. पिशवीतून पाचशेच्या दहा नोटा काढल्या, रबर लावलेल्या, आणि काउंटरवर ठेवल्या. नवऱ्याला सांगून आलेय की भरून येते म्हणून, असं म्हणाल्या. आता न भरता गेले तर तो विचारेल, तर मी कागदावर लिहून देईन का, की भरायला नको असं ताई म्हणाल्या?

मी केंद्राच्या लेटरहेडवर नाही, साध्या कोऱ्या कागदावर प्रतीक्षा क्रमांक, भरलेल्या जागा, उरलेल्या जागा आणि आजची तारीख लिहून दिली. खाली सही केली. सल्ला मात्र लिहिला नाही. तो नवऱ्याला तुम्हीच सांगा, असं म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, "बाकी दोन" यावर बोट ठेवलं आणि विचारलं की ती दोन मुलं कोणाची आहेत ते कळतं का.